माळवद हलकं करताना

‘लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. जुनं घर दुरुस्त करून पाहावं, असं मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही. म्हण रचणाऱ्याला तेवढी सवड मिळाली नसावी. तो अजून दुरुस्तीतच असेल. लग्न चार दिवसांत उरकतं, नवं घर वर्षा-दीड वर्षात उभं राहतं. जुन्या घराची दुरुस्ती नेमकी कधी संपली हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. २०१९च्या उन्हाळ्यात आम्ही आमचं गावाकडचं घर दुरुस्तीला काढलं. त्याची हकीगत आज सांगायची आहे.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गापासून फार लांब नाही. घर माळवदाचं. मराठवाड्यातल्या आणि सोलापूर भागातल्या श्रोत्यांना माळवद समजावून सांगायची गरज नाही. पण कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसानं ‘माळवदावर झोपलो होतो’ हे वाक्य ऐकलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील कोण जाणे. तेव्हा थोडक्यात सांगते. आमच्याकडे पाऊस कमी आणि ऊन फार. म्हणून घराला उतरतं छप्पर नाही, सपाट धाबं. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर दाटीनं बसवलेली किलचण, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या आणि काटक्या. त्यावर निंबाचा आणि पळसाचा पाला, आणि सगळ्यात वर माती. ही माती कुठलीही चालत नाही. ती पांढरीची लागते. गावाच्या जमिनीचे दोन भाग, पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं पडून, त्यांची माती, राख, शेण एकमेकांत मुरून ही पांढरी तयार होते. तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही आणि तिच्यावर गवतही कमी उगवतं. उत्खनन करणारे लोक जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढरीचं टेकाड’च म्हणतात. म्हणजे आमच्या डोक्यावर जे छप्पर होतं ते आधीच्या कुणाकुणाच्या घरांचं होतं.

घर खणात मोजायचं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं घर सात खणांचं, पुढे ढेलज, मग छोटा चौक, मग ओसरी, आत माजघर आणि मागं पडवी. भिंती काळ्या दगडाच्या, अडीच-अडीच फूट रुंद. त्यात धान्याचं बळद, कोनाडे आणि दिवा ठेवायला देवळी. आमच्या घरातही तिला देवळीच म्हणतात. तिच्यात चिमणी असायची आणि अब्बांचा चष्मा. कुराण शरीफ वरच्या फळीवर.

दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नव्या मातीचा थर द्यायचा, ही रीत. गळती लागू नये म्हणून. अब्बा द्यायचे, त्यांच्या आधी दादा द्यायचे. नवी माती टाकायची ठाऊक होती. जुनी काढायची, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. काढायची कशाला? ती चांगली बसलेली असे. असं करत करत आमच्या घरावर एकवीस इंच माती चढली होती. घनफूटभर माती साधारण पंचेचाळीस किलो भरते. पाच बाय दहा फुटांच्या एका खणावर दीड फूट माती असेल, तर तिचं वजन तीन टनांच्या पुढं जातं. पावसात भिजली की आणखी. एका खणाखाली रात्री चार-पाच माणसं झोपतात.

हे गणित मी २०१९मध्ये केलं. पण आमच्या भागात ते गणित ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेलं आहे. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. बावन्न गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली. आमचं गाव त्यांतलं नव्हतं. आमच्याकडे पूर्वेच्या भिंतीला तडा गेला, बळदाचं तोंड ढासळलं, आणि आम्ही पुढचे कित्येक महिने चौकात ताडपत्रीखाली झोपलो. पण अम्मीची धाकटी बहीण, माझी खाला, उमरगा तालुक्यातल्या गावात दिलेली होती. ती, तिचे यजमान आणि दोन मुलं. घर आमच्यासारखंच होतं. भिंती थोड्या जास्त रुंद होत्या, याचा त्यांना अभिमान होता.

एवढं सांगून मी पुढे जाते.

त्यानंतर पंचवीस वर्षं आम्ही त्या घरात राहिलो, म्हणजे मुख्यतः अम्मी राहिली. अब्बा २००८मध्ये गेले. भाईजान सोलापूरला, धाकटा भाऊ पुण्याला, बहीण हैदराबादला, मी तुळजापुरात. अम्मी मात्र गाव सोडायला तयार नाही. तडा सिमेंटनं बुजवला होता, वर चुना मारला होता. दर ईदला आम्ही सगळे जमायचो आणि त्या तड्याकडे कुणी बघायचं नाही, असा अलिखित करार होता.

२०१८च्या दिवाळीत धाकटा भाऊ नकाशा घेऊन आला. घर पाडायचं, पुढे दोन गाळे काढायचे, मागे स्लॅबच्या तीन खोल्या. खर्च अठरा लाख. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ‘त्या भिंतीखाली अम्मीला अजून एक दिवसही झोपू देणार नाही,’ असं तो म्हणाला आणि ते त्यानं पोटतिडकीनं म्हटलं होतं. अम्मी एवढंच म्हणाली, ‘घर नक्को गिराओ.’ कारण विचारलं तर गप्प. भाईजान म्हणाले, तुम्ही दोघं ठरवा. बहीण फोनवर रडली.

इथं वाटणीची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय घरदुरुस्तीची गोष्ट आपल्याकडे पुरी होत नाही. घर अब्बांच्या नावावर. शरियतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्याचे सहा वाटे, त्यांतले दोन-दोन भावांना, एक-एक आम्हा बहिणींना. म्हणजे माझा हिस्सा भावांच्या निम्मा, आणि बोलत होते मीच सगळ्यांत जास्त. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यानं मला विचारलंही, ‘बेटी, तुझं काय एवढं अडलंय?’ मी त्यांना म्हटलं, चाचा, एक वाटा म्हणजे किती भिंत होते ते मोजून सांगा, तेवढ्यापुरतंच बोलते. त्यांनी मोजलं नाही.

मी काय केलं, तर माझ्या कॉलेजातल्या एका वर्गमित्राला फोन केला. हे गृहस्थ सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात नवी गावं बांधण्याबरोबर न पडलेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हेही काम होतं. ते त्यांनी तरुणपणी केलेलं. ते आले, चहा घेतला आणि कुणाशी न बोलता दोन तास घराभोवती फिरले. ओळंबा लावून बघितला. पूर्वेच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘हिला पोट आलंय.’

मग त्यांनी आम्हांला बसवून समजावलं. आपली अडीच फुटी भिंत ही एक भिंत नसते. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पडदा, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती आणि दगडांच्या कपच्या भरलेल्या. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचित असतो, कारण एवढा लांब दगड घडवायला कष्ट आणि पैसे लागतात. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, पडद्यांना बाहेर ढकलतो, भिंतीला पोट येतं आणि ती फुटते. वर तीन-तीन टनांचे खण. रुंद भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज त्या पहाटे फार महागात पडला. उलट काही ठिकाणी असं दिसलं, की दगडी भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा वरच्या मातीसकट उभा होता. म्हणजे लाकडानं दगा दिला नव्हता.

‘मग पाडायचं की ठेवायचं?’ भावानं विचारलं.

‘आहे तसं ठेवलं तर तुम्ही म्हणता ते खरं. पण पाडलंच पाहिजे असं काही नाही. वजन उतरवा, भिंती शिवून घ्या, खांबांना टेके द्या.’

‘शिवून घ्या’ हा शब्द अम्मीला पटला. तिनं आयुष्यभर शिवणकाम केलेलं.

खर्चाचा अंदाज सव्वातीन लाखांचा निघाला, तोही बहुतेक काम घरच्या हातांनी केलं तर. आता घरचे हात म्हणजे कोण? पंचावन्न ते ऐंशी वयाची चार माणसं आणि मोबाईलमध्ये मान घातलेले भाचे-पुतणे. इथं गाव कामाला आलं. याला मी फार मोठं नाव देत नाही. चैत्र-वैशाखात शेतात काम नसतं आणि त्या वर्षी तर आधीच्या पावसानं दगा दिलेला, आमच्या भागात दुष्काळ जाहीर झालेला, त्यामुळे हात रिकामे होते. पण रिकामे हात आपणहून कुणाच्या दारात येत नाहीत. त्याला एक जुनी रीत आहे.

आमच्याकडे दोन शब्द आहेत, इर्जिक आणि सावड. नव्या पिढीला ते बहुधा धड्यातच भेटतात. एखाद्याचं काम अडलं, की गावातले लोक आपापली बैलं-अवजारं घेऊन एक दिवस त्याच्या शेतात उतरतात. त्यानं सगळ्यांना पोटभर जेवण द्यायचं, बाकी हिशेब नाही, ती इर्जिक. आणि आज मी तुझ्याकडे एक दिवस, उद्या तू माझ्याकडे एक दिवस, ती सावड. सावडीत पैशाचा व्यवहार नसतो, पण हिशेब पक्का असतो आणि तो कुणी विसरत नाही. अब्बांनी लोकांच्या माळवदांवर किती दिवस माती ओढली होती, हे मला ठाऊक नव्हतं. गावातल्या चार-पाच म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या दिवसांची परतफेड आमच्याकडे यायची होती.

होळी झाली आणि काम सुरू केलं. ७ मेला पहिला रोजा होता, त्याच्या आत अवघड काम उरकायचं होतं.

पहिलं काम माती उतरवणं. वर्गमित्रांनी बजावलं होतं, की एका बाजूनं सगळी माती काढायची नाही, घर तिरपं ओढलं जाईल. सगळ्या खणांवरून थोडी थोडी, सारखी. पहाटे पाच ते दहा काम, मग ऊन. टिकाव अलगद मारायचा, किलचण फुटता कामा नये. माती अशी बसली होती की सुरुवातीला टिकावाचा आवाज दगडावर मारल्यासारखा यायचा. मातीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे, एक गोटी, भोक असलेला एक तांब्याचा पैसा निघाला. असल्या वेळी कवीला काही सुचायला हवं अशी आजूबाजूच्यांची अपेक्षा असते. पुतण्यानं विचारलंही, ‘फुफीजान, कविता होईल ना यावर?’ माझ्या नाकातोंडात माती गेली होती आणि मला फक्त पाणी हवं होतं.

सहा इंच ठेवून वरची पंधरा इंच माती काढली. हिशेब केला तेव्हा चौतीस टनांच्या आसपास भरली. चौतीस टन. एवढं ओझं त्या खांबांनी आणि पोट आलेल्या भिंतीनं १९९३च्या धक्क्यात आणि त्यानंतर पंचवीस वर्षं धरलं होतं. धाकटा भाऊ तेव्हा सुट्टी काढून आला होता. आकडा ऐकून तो ओसरीवर बराच वेळ बसून राहिला. अम्मीचा पलंग त्याच दिवशी चौकात आणला.

माती न्यायला ट्रॅक्टर लागणार, त्याचं भाडं कोण देणार ही चिंता होती. ती फुकटात मिटली. जुन्या घराची पांढरी माती म्हणजे शेताला खत. ज्याचा ट्रॅक्टर त्यानंच माती मागून घेतली. वर एक दिवसाची मजुरीही दिली. नऊ ट्रॉल्या भरल्या. आमच्या दोन पिढ्यांचं छप्पर आता गावाच्या दक्षिणेला तुरीच्या रानात आहे.

ओझं उतरल्यावर खांब बघितले. बारा खांबांपैकी तीन पायाशी कुजलेले. तळखड्यात ओल साठून वाळवी लागली होती. गावातल्या सुतारकाकांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. त्यांचा मुलगा आता फर्निचरची कामं घेतो, प्लायवूड आणि सनमायका. काका घरीच असतात. ते काठी टेकत आले, खांबाला नखानं टोकरलं आणि अम्मीला म्हणाले, ‘भाभी, वरचा साग अजून पोरासारखाय. पायच गेलाय. पाय बदलू.’ हायवेवर गॅरेज असलेल्या भाचेजावयानं ट्रकचे जॅक आणले. तुळई जॅकवर केसभर उचलायची, खांबाचा खालचा दोन फूट भाग कापायचा आणि सोलापूरच्या जुन्या लाकडाच्या बाजारातून आणलेला सागाचा तुकडा सांध्यात बसवायचा. जॅकचा दांडा गॅरेजवाल्याच्या हातात, डोळा काकांचा. ते ‘बस’ म्हणाले की बस. तिन्ही खांबांना मिळून चार दिवस लागले. त्या चार दिवसांत कुणी कुणाची थट्टा केली नाही.

खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात लोखंडी अँगलचे तिरपे टेके त्याच भाचेजावयानं वेल्डिंग करून बसवले. ते दिसायला चांगले नाहीत, हे मान्य. नंतर मी त्यांना तपकिरी रंग दिला, तरी ते लोखंडाचेच दिसतात.

मग भिंत शिवायचं काम. साधारण तीन-साडेतीन फुटांवर एक, अशा हिशेबानं भिंतीत आरपार भोकं पाडायची. इथं घण मारायचा नाही, भिंत हादरते. पहारीच्या टोकानं एक दगड हलवत हलवत काढायचा, आतला भराव हातानं उकरायचा, पलीकडून तसाच दगड काढायचा. मग त्या बोगद्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. म्हणजे पूर्वजांनी जो आरपार दगड घातला नाही, तो आता ओतायचा. असे चौसष्ट दगड आम्ही ओतले. गवंडी एक, हाताखाली आम्ही. अगदी वर, माळवदाच्या खाली, भिंतीला सगळीकडून वीतभर रुंदीची तारेच्या जाळीची पट्टी ठोकून वर सिमेंट, आणि कोपऱ्यांत तशाच उभ्या पट्ट्या. अम्मी बघून म्हणाली, ‘घर कू पट्टी बांधे सरीका दिस्ता.’

आता पाणी. काँक्रीटला दहा दिवस पाणी मारावं लागतं, गिलाव्याच्या मातीला तर हौदानं पाणी लागतं, आणि गावाला तेव्हा टँकर चालू होता. प्यायच्या पाण्यातलं घमेलंभर जरी मातीत ओतलं असतं, तरी ते कुणाला बघवलं नसतं, आम्हांलाही नाही. तेव्हा मशिदीच्या जबाबदारांनी वजूचं पाणी एका पिंपात धरायला परवानगी दिली. शेजारच्या तीन घरांनी न्हाणीचं पाणी नालीत न सोडता बादल्यांत धरलं. सकाळ-संध्याकाळ पुतण्यांनी ते वाहून आणलं. पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा त्या पाण्यात पंधरा दिवस मुरत घातला. त्याला जो वास सुटतो त्याचं वर्णन रविवारच्या सकाळी करू नये.

गिलावा बायकांचा. भाभी, बहीण, शेजारच्या काकू, त्यांची सून, मी. माती पायानं तुडवायची, गोळा करायचा, भिंतीवर थापायचा आणि ओल्या हातानं सारखा करायचा. शेजारच्या काकूंचा हात असा की भिंत आरशासारखी व्हायची. माझा हात असा की काकू मागून येऊन पुन्हा सारखी करायच्या. त्या मला म्हणाल्या, ‘तुम्ही आपलं लिहा बाई.’ मला राग आला नाही. हैदराबादची बहीण, जिच्या घरात फरशीवर पाण्याचा डाग पडला तरी चालत नाही, ती कोपरापर्यंत चिखलात होती आणि गेल्या दहा वर्षांत मला न सांगितलेल्या गोष्टी सांगत होती. दोघींचे हात भिंतीकडे आणि पाठी एकमेकींकडे. असं बोलणं समोरासमोर झालं नसतं.

रोजे सुरू झाले तेव्हा माळवदाचं काम उरलं होतं. सहरी करून पुरुष वर चढायचे आणि नऊच्या आत उतरायचे. किलचण बदलली, निंबाचा पाला पसरला. पाल्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि मग माती, असा वर्गमित्रांचा आग्रह. सुतारकाकांचा विरोध. ‘कागदाखाली लाकूड घामेजतं,’ ते म्हणाले. दोघांचं अर्धा तास चाललं, मोठ्या अदबीनं, ‘साहेब’ आणि ‘काका’ म्हणत. शेवटी कागद घातला, पण कडेनं वारा खेळायला बोटभर फट ठेवली. कोण बरोबर होतं ते अजून दहा वर्षांनी कळेल. वर सहा इंच माती, पन्हळाकडे उतार. ईद ५ जूनला झाली. अम्मी त्या रात्री माजघरात झोपली. तिच्यासोबत धाकटा भाऊ झोपला, कुणी न सांगता.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. पहिल्याच मोठ्या पावसात दोन ठिकाणी गळालं. एका ठिकाणी घमेलं, एका ठिकाणी पातेलं. तेही नीट केलं.

हल्ली मातीच्या घरांचं फार कौतुक होतं. शहरातली माणसं येऊन फोटो काढतात, मातीचा वास, थंडावा वगैरे. थंडावा खरा आहे. पण एकवीस इंच माती होती तेव्हाचा थंडावा आता सहा इंचांत राहिलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मे महिन्यात दुपारी पंखा लागतो. आणि ज्यांनी भूकंपानंतर दगड-मातीचं नाव टाकलं, पत्र्याखाली तापत राहिले पण पुन्हा माळवदाखाली गेले नाहीत, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. आमची खालाची एक पुतणी वाचली होती. ती आमच्याकडे येते, चौकात बसते, चहा पिते. माजघरात अजून आलेली नाही. आम्ही तिला या म्हणत नाही.

धाकट्या भावाचं मत बदललेलं नाही. त्याच्या मते स्लॅबच बरा होता. तसं तो दर ईदला म्हणतो, आणि दर मेमध्ये तीन दिवस सुट्टी काढून माळवद बघायला येतो. आता नियम असा आहे, की जेवढी नवी माती टाकायची तेवढी जुनी आधी काढायची. वर एका खांबावर सहा इंचांची खूण केली आहे. ती त्यानंच केली.

सावडीचा हिशेब मात्र अजून चालू आहे. माझ्याकडून माती ओढणं होणार नाही, हे काकूंनी जाहीर केलंच होतं. त्यामुळे माझ्याकडे दुसरी कामं येतात. ट्रॅक्टरवाल्यांच्या पीकविम्याचा तक्रार अर्ज मी लिहिला. गवंड्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लिहिला, त्यात दोन ओळी यमकात हव्यात अशी अट होती, त्याही लिहिल्या. सुतारकाका २०२२मध्ये गेले, त्यांच्या दहाव्याला मुलानं मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी जॅकचे ते चार दिवस सांगितले. ज्यांच्या घरून न्हाणीचं पाणी आलं, त्यांच्या नातवाला दर रविवारी मराठीचं व्याकरण शिकवते. तो काही केल्या शिकत नाही, म्हणून ते कर्ज लवकर फिटेल असं वाटत नाही.

मागच्या पडवीच्या भिंतीत आठ आरपार दगड ओतायचे अजून राहिलेत. त्या भिंतीलगत कुणी झोपत नाही, त्यामुळे दरवर्षी ते पुढच्या वर्षावर जातं. त्यासाठी आणलेली तारेची जाळी परसात उभी करून ठेवली आहे. सध्या अम्मीनं तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला आहे, आणि दोडके संपेपर्यंत जाळीला हात लावायचा नाही, असं बजावलं आहे.